जुन्या स्पीकरांची जोडी

पुण्याच्या वायव्येस, मुळा नदीच्या काठीं, वाकड हें गांव आहे. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. शेजारीं हिंजवडीस संगणक-व्यवसायाची वसाहत उभी राहिली आणि वाकडच्या शेतांच्या जागीं उंच उंच इमारती झाल्या. या इमारतींत राहावयास आलेल्या अनेक कुटुंबांची मुळें दुसरीकडे आहेत. पेठेंतला जुना वाडा मोडतो, माळा रिकामा होतो, आणि वडिलांनीं किंवा आजोबांनीं जमविलेल्या ध्वनिमुद्रिकांची चवड नव्या दिवाणखान्यांत येते. त्या वाजविण्यास रेकॉर्डप्लेअर मिळतो. अडतें तें स्पीकरांपाशीं. नवे घ्यावेत, कीं त्या ध्वनिमुद्रिकांच्याच काळांतली एखादी जुनी जोडी शोधावी?

प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. जुन्या बाजारांत कांहीं जोड्या भंगाराच्या भावानें जातात, तर कांहीं विदेशी जोड्यांची किंमत लाखाच्या घरांत सांगितली जाते. विकणारा 'जुनें तें सोनें' ही म्हण ऐकवितो. परंतु तिजोरींतलें सोनें गंजत नाहीं आणि कुजतही नाहीं. स्पीकर म्हणजे कागद, लांकूड, रबर, तांब्याची तार आणि लोहचुंबक यांचा संसार होय, आणि या संसारांतील प्रत्येकाचें आयुष्य निराळें आहे. कोणाचें किती हें समजण्यास स्पीकराचा इतिहास थोडा तरी पाहिला पाहिजे.

स्पीकराचें पहिलें रूप कर्ण्याचें होतें. अमेरिकेंत पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम या दोघांनीं १९१५ च्या सुमारास विजेवर चालणारा मोठ्या आवाजाचा कर्णा सिद्ध केला. १९१९ सालीं अध्यक्ष विल्सन यांनीं सॅन डिएगो येथील प्रचंड सभेंत अशाच कर्ण्यांतून भाषण केलें. आपल्या देशांत काँग्रेसच्या सभांना कर्णे पुरविणारे म्हणून नानिक मोटवाने व त्यांची मुंबईची 'शिकागो रेडिओ' ही संस्था प्रसिद्ध आहे. गांधीजींचीं व नेहरूंचीं भाषणें लाखों लोकांच्या कानीं पोहोंचलीं तीं या कर्ण्यांतून. पण कर्णा मैदानासाठीं. गाण्यांतील खर्ज त्याला पेलत नाहीं, आणि तंबोऱ्याची आंस तर त्यांत हरवूनच जाते.

घरांतला स्पीकर जन्मला तो १९२५ सालीं. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग हे जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील दोन अभियंते. त्यांनीं कर्णा काढून टाकला आणि कागदाच्या शंकूच्या बुडाशीं बारीक तारेचें वेटोळें बसविलें. हें वेटोळें लोहचुंबकाच्या अरुंद फटींत लोंबतें. तारेंतून ध्वनीचा विद्युत्प्रवाह वाहूं लागला कीं तें पुढें-मागें हलतें, त्याबरोबर शंकु हलतो आणि शंकूबरोबर खोलींतली हवा. युक्ति एवढीच. आज बाजारांत मिळणारे बहुतेक सर्व स्पीकर, खिशांतील दूरध्वनींतल्या इवल्याशा स्पीकरापासून नाटकगृहांतल्या भल्यामोठ्या पेटीपर्यंत, याच तत्त्वावर चालतात.

या एका गोष्टीवर जुन्या स्पीकराचा सगळा खटला उभा आहे. पन्नास वर्षांपूर्वींचा संगणक आज कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं; पन्नास वर्षांपूर्वींची मोटार चालते, पण तेल फार पिते. पन्नास वर्षांपूर्वींचा चांगला स्पीकर मात्र, त्याचे अवयव शाबूत असतील तर, आजच्या चांगल्या स्पीकराशेजारीं ठेवण्यास लाजत नाहीं. तत्त्व बदललें नाहीं, आणि माणसाचा कानही बदलला नाहीं.

बदललें तें पेटीचें गणित. शंकु जसा पुढच्या हवेला ढकलतो तसाच मागच्या हवेलाही. ही मागची लाट आवरली नाहीं तर ती पुढच्या लाटेस मारक होते आणि खालचे स्वर नाहींसे होतात. पेटी लागते ती याचसाठीं. ती नुसती शोभेची नव्हे. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यानें लहान, पूर्ण बंद पेटींतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून घेण्याची युक्ति बाजारांत आणली. १९६१ मध्यें ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यानें भोंक असलेल्या पेटीचें गणित मांडलें. तें १९७१ मध्यें अमेरिकेंत पुन्हा छापलें गेलें तेव्हां जगाचें लक्ष त्याकडे वेधलें, आणि रिचर्ड स्मॉल यानें पुढील दोन-तीन वर्षांत तें काम पूर्णत्वास नेलें. तोंवर अमुक स्पीकराला केवढी पेटी लागते हें बव्हंशीं सुताराच्या अंदाजावर आणि ऐकणाराच्या कानावर सोंपविलेलें होतें. म्हणून 'जुना' हा शब्द सैल वापरून चालत नाहीं. १९६० ची पेटी आणि १९८० ची पेटी यांत जेवढें अंतर आहे तेवढें १९८० ची पेटी आणि आजची पेटी यांत नाहीं.

आतां आपल्या भागाकडे वळूं. मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें आणि पुण्याचें १९५३ सालीं. मध्यमवर्गीय घरांत स्पीकर शिरला तो रेडिओच्या पोटांतून. मर्फी, बुश, नेल्को, एच.एम.व्ही., फिलिप्स हीं नांवें कुटुंबांतील माणसांच्या नांवांसारखीं तोंडीं होतीं. मर्फीचा कारखाना ठाण्यास होता. फिलिप्सचा हिंदुस्थानांतला व्यवहार १९३० पासून कलकत्त्यास सुरू झाला. १९५९ सालीं कंपनीनें रेडिओचा आपला दुसरा कारखाना पुण्याजवळ काढला, १९६५ मध्यें तिनें या देशांत बनविलेल्या रेडिओंची संख्या दहा लाखांवर गेली, आणि १९७० मध्यें घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा नवा कारखाना पिंपरीस उभा राहिला. पिंपरी वाकडपासून दोन-अडीच कोस. ज्या पट्ट्यांत आज जुन्या स्टीरिओची चौकशी करणारीं बिऱ्हाडें राहतात, त्याच पट्ट्यांत अशा वस्तूंचा धंदा एका पिढीपूर्वीं भरभराटीस आला होता. तो काल आतां उरला नाहीं.

१९५० नंतरचीं चाळीस वर्षें आयातीवर कडक बंधनें होतीं. विदेशी यंत्र घरांत यावयाचें तें आखातांतून परतलेल्या नातेवाइकाच्या सामानांतून, किंवा मुंबईच्या बाजारांतून दुप्पट-तिप्पट भाव मोजून. बाकीच्यांनीं देशी मालावर भागविलें. कलकत्त्याची सोनोडाइन १९७० मध्यें निघाली. कॉस्मिकचे स्टीरिओ संच लग्नाच्या आहेरांतही दिसत. फिलिप्सनें कांहीं वर्षें 'पीको' हें नांव धारण केलें होतें आणि तें त्या काळच्या मालावर छापलेलें आढळतें. १९९१ नंतर दारें उघडलीं, विदेशी माल सरसहा मिळूं लागला, आणि हे देशी संच माळ्यावर गेले. आज ते खालीं येत आहेत ते दोन वाटांनीं: एक भंगारवाल्याच्या हातगाडीची, आणि दुसरी पुण्यांत दर बुधवारीं व रविवारीं भरणाऱ्या जुन्या बाजाराची.

या देशी पेट्यांविषयीं हळवेपणा बाजूस ठेवून बोललें पाहिजे. त्या सगळ्याच चांगल्या होत्या असें मुळींच नव्हे. स्पर्धा नव्हती, गिऱ्हाईक रांगेंत उभें होतें. दर्शनी भागावर तीन मोठीं वर्तुळें दिसावींत आणि त्यांतलें एक केवळ शोभेचें निघावें, असेही प्रकार झाले. पण त्यांच्यांत एक गुण होता, आणि तो आजच्या स्वस्त मालांत दुर्मिळ आहे. त्या उघडतां येत. चार स्क्रू काढले कीं स्पीकर हातांत. तार डांखानें जोडलेली. माप सहा किंवा आठ इंचांचें सरळ. पुण्याच्या तापकीर गल्लीच्या परिसरांत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत, आणि शंकु बदलणारे, वेटोळें पुन्हा गुंडाळून देणारे कारागीरही असत. ही कारागिरी आहे तोंपर्यंतच जुन्या पेटीला अर्थ आहे. कारागीर गेला कीं पेटी केवळ लांकडाची.

विदेशी जोड्यांची कथा निराळी. ब्रिटनमध्यें १९५७ सालीं 'क्वाड' कंपनीनें शंकु व लोहचुंबक दोन्ही वगळून, विद्युत्भारित पडद्यानें वाजणारा स्पीकर काढला. बी.बी.सी.नें १९७० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडींत मावेल अशी एक चिमुकली पेटी तयार करविली; माणसाचा आवाज खरा वाटावा हा तिचा मुख्य हेतु होता. अमर बोस या बंगाली पित्याच्या अमेरिकन पुत्रानें १९६८ मध्यें नऊ स्पीकरांची पेटी काढली, आणि त्यांतले आठ स्पीकर त्यानें भिंतीकडे तोंड करून बसविले! यांना आजही जगभर मागणी आहे आणि ती सर्वस्वीं खोटी नाहीं. तथापि अशी जोडी परगांवांहून, न ऐकतां, नुसत्या छायाचित्रावर भाळून मागविणें म्हणजे मुलगी न पाहतां लग्न ठरविण्यासारखें आहे.

मोडतें काय आणि टिकतें काय, हा खरा मुद्दा. लोहचुंबक टिकतो. जुने चुंबक ॲल्निको नांवाच्या मिश्रधातूचे असत व त्यांत कोबाल्ट लागे. १९७८ मध्यें आफ्रिकेंतील झाईरे देशांत बंडाळी झाली, कोबाल्टचे भाव भडकले, आणि कारखानदार फेराइटच्या चुंबकाकडे वळले. तेव्हांपासून ॲल्निकोच्या आवाजाची एक दंतकथा तयार झाली असून विक्रेते तिचे वेगळे पैसे घेतात. चुंबकानें चुंबकाचें काम केलें पाहिजे. तें दोन्ही करतात. दंतकथेला पैसे देण्याचें कारण नाहीं. चांगल्या प्लायवूडची पेटीही टिकते; भुशाच्या फळीची मात्र पावसाळ्यांत फुगते, तिचे कोपरे सुटतात, आणि एकदां फुगलेली फळी पुन्हा बसत नाहीं.

सर्वांत आधीं जाते ती शंकूच्या कडेभोंवतींची लवचीक पट्टी. जुन्या काळीं ती शंकूच्याच कागदाची चुणीदार असे, किंवा लेप दिलेल्या कापडाची. अशी पट्टी साठ वर्षेंही राहते. रबराचीही बरीच टिकते. परंतु १९७० नंतर पुष्कळ कारखान्यांनीं हलक्या फोमची पट्टी पत्करली. आवाज उत्तम, आयुष्य दहा ते वीस वर्षें. हवेंतील दमटपणानें हा फोम आंतून विरत जातो आणि बोट लावतांच काळ्या चिकट भुकटीसारखा हातांत येतो. स्पीकर वाजविला किंवा न वाजविला, यानें कांहीं फरक पडत नाहीं. मोठमोठ्या नांवांच्या कितीतरी विदेशी जोड्या याच रोगानें गेल्या आहेत, आणि 'फारशी वापरलेली नाहीं' हें विक्रेत्याचें प्रमाणपत्र येथें कवडीमोलाचें ठरतें. मुंबई-कोंकणांत निघालेल्या जोडीकडे तर विशेष संशयानें पाहावें. रोग असाध्य नाहीं. नवी पट्टी चिकटवितां येते. पण ती त्याच मापाची व तितकीच मऊ हवी, आणि वेटोळें फटीच्या बरोबर मध्यभागीं राहील अशा बेतानें ती बसवावी लागते. धांदरटाचें तें काम नव्हे.

दुसरा दुबळा अवयव पेटीच्या आंत लपलेला असतो. बारीक स्वर लहान स्पीकराकडे आणि जाड स्वर मोठ्याकडे वाटून देणाऱ्या जोडणींत कपॅसिटर असतात. त्यांतले इलेक्ट्रोलिटिक जातीचे वर्षानुवर्षें वाळत जातात, त्यांचें मूल्य बदलतें, आणि आवाज मंद किंवा कर्कश होतो. हा पालट इतका सावकाश घडतो कीं घरच्यांस तो कळतही नाहीं. त्यांना वाटतें, आपलेच कान म्हातारे झाले. हे कपॅसिटर बदलण्यास खर्च थोडा येतो आणि गुण मोठा येतो.

यावरून परीक्षेची रीत आपोआप निघते. जाळी काढून पट्टीस हलकेंच बोट लावावें. दोन्ही अंगठ्यांनीं शंकु अगदीं सरळ, थोडासा आंत दाबावा. खरखर ऐकूं आली तर वेटोळें घासत आहे असें समजावें. साध्या दीड व्होल्टच्या घटाचीं टोकें क्षणभर तारांना टेंकवावींत; दोन्ही पेट्यांतले मोठे शंकु एकाच दिशेनें हलले पाहिजेत. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहाच्या आसपास दाखवितो; कांहींच न दाखवील तर तार तुटलेली आहे. आणि मग ओळखीची एक ध्वनिमुद्रिका लावून, अगदीं हळू आवाजांत, एकेक पेटी वेगळी ऐकावी. विक्रेता आवाज मोठा करावयास धांवतो. त्याला तसें करूं देऊं नये. मोठ्या आवाजांत सगळे दोष झांकतात.

ॲम्प्लिफायरचाही विचार हवा. व्हॉल्व्हच्या काळांतील ॲम्प्लिफायर मोजक्याच वॅटचे असत, म्हणून त्या काळचे स्पीकर थोड्या शक्तींत मोठ्यानें वाजतील असे केलेले असत. नंतरच्या लहान बंद पेट्यांना शक्ति जास्त लागते. केवळ तीन डेसिबलचा फरक भरून काढण्यास दुप्पट वॅट लागतात. वाकडच्या सदनिकेंत दिवाणखाना लहान आणि भिंतीपलीकडे शेजारी असतो. तेथें पहिल्या जातीची पेटी, ती मावत असेल तर, थोडक्यांत काम भागविते. मावत नाहीं ही नेहमींची तक्रार.

आणखी एका गोष्टीकडे या व्यवहारांत सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. जोडी हवी कशाला? स्टीरिओची कल्पना ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन याची. १९३१ च्या अखेरीस त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. त्यांत दोन कानांसाठीं दोन स्वतंत्र प्रवाह, आणि ते दोन्ही एकाच तबकडीच्या एकाच खांचेंत कोरण्याची पद्धति वर्णिली होती. १९४२ सालीं रडारची चांचणी चालू असतां विमान कोसळून तो वयाच्या अडतिसाव्या वर्षीं मरण पावला. त्याच्या तत्त्वावरच्या स्टीरिओ तबकड्या पाश्चात्य बाजारांत आल्या त्या १९५८ च्या सुमारास, आणि आपल्याकडे त्या रुळण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं.

आतां मराठी घराच्या माळ्यावरून निघालेली ती चवड पाहावी. अब्दुल करीम खांसाहेब १९३७ मध्यें वारले. बालगंधर्वांचीं गाजलेलीं पदें मुद्रित झालीं तीं स्टीरिओच्या कितीतरी आधीं. हिराबाई बडोदेकरांच्या ऐन बहराचे मुद्रण तेव्हांचेंच. माडगूळकर व सुधीर फडके यांचें 'गीतरामायण' पुणें केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर प्रक्षेपित झालें, तेव्हां घरोघरच्या रेडिओंत एकच स्पीकर होता आणि त्याभोंवतीं सगळा वाडा बसत असे. या सर्व मुद्रणांत डावें-उजवें असें कांहीं नाहीं. तीं दोन पेट्यांतून वाजविलीं तर दोघींतून तेंच ऐकूं येतें; आणि त्या दोघींचें वय, पट्टी किंवा कपॅसिटर यांत तफावत असेल तर गायक मध्यें स्थिर न बसतां एका बाजूस सरकल्यासारखा भासतो. स्टीरिओचें सुख घ्यावयाचें तर दोन सारख्या पेट्या, त्यांच्यामध्यें मोकळी जागा, आणि ऐकणारानें तिसऱ्या कोपऱ्यांत बसणें इतकें सर्व जमवावें लागतें. पुष्कळ घरांत एक पेटी सोफ्यामागें असते आणि दुसरीवर फुलदाणी.

मग जुनी जोडी घ्यावी कीं नाहीं? पडद्यावरचे बोलपट धडधडीत आवाजांत पाहावयाचे असतील, किंवा कपाटांत मावेल तेवढेंच यंत्र हवें असेल, तर नवे स्पीकर घ्यावेत; संगणकाच्या साह्यानें आंखलेली आजची मध्यम किंमतीची पेटी प्रामाणिक असते. नांवाच्या मोहानें लाखाचा सौदा करूं नये. परंतु कागदी, कापडी किंवा रबरी पट्टीची, प्लायवूडच्या पेटींतली, समोर वाजवून दाखविलेली जोडी, दुरुस्तीचा खर्च धरून नव्या साध्या जोडीहून स्वस्त पडत असेल, तर ती सोडूं नये. सौद्याआधीं दुरुस्त करणारा गांठावा, सौद्यानंतर नव्हे. घरचीच जोडी माळ्यावर असेल तर ती भंगारवाल्यास देण्यापूर्वीं एकदां कारागिराला दाखवावी; तिचा भाव भंगारांत किलोवर ठरतो, आणि त्या वजनांत चुंबकच काय तो मोजला जातो.

आणि ज्यांच्या चवडींत बालगंधर्व, खांसाहेब व गीतरामायण हेंच मुख्य आहे, त्यांनीं जोडीचा आग्रह धरूं नये. जुन्या बाजारांत जोडीदार हरवलेली एकटी पेटी पुष्कळदां पडून असते. स्टीरिओवाला तिच्याकडे पाहत नाहीं, म्हणून तिचा भाव जोडीच्या निम्म्याहूनही कमी सांगतात, आणि घासाघीस केली तर आणखी उतरतो.